सांगलीत घर बांधताना: परवाना आधी, करार नंतर, उचल सगळ्यात शेवटी

सांगली-मिरजेत घराचं काम ठरतं ते बहुधा एका आकड्यावर. ‘मटेरियलसह इतके रुपये फूट’ किंवा ‘नुसती मजुरी इतके रुपये फूट’. आकडा पटला की उचल दिली जाते, नारळ फुटतो, खोदाई सुरू होते आणि नकाशा महापालिकेत सावकाश जातो. पुढची भांडणं सिमेंट-सळीवरून कमी आणि या उलट्या क्रमावरून जास्त होतात, असं माझं मत आहे. फुटाचा दर सांगणाऱ्याने फूट कुठला ते सांगितलेलं नसतं, आणि ऐकणाऱ्याने विचारलेलं नसतं.

स्वतःच्या प्लॉटवर स्वतःला राहण्यासाठी घर बांधणाऱ्याला रेराचा उपयोग नाही. तो कायदा विक्रीसाठी बांधणाऱ्या बिल्डरला धरतो. तुमच्या आणि ठेकेदाराच्या व्यवहारात कामाचे कागद दोनच: मंजूर नकाशा आणि करारनामा. हे दोन्ही एकमेकांना टाचलेले असावेत, म्हणजे करारातलं काम तेच नकाशातलं काम आणि करारातले हप्ते तेच परवान्यातले टप्पे. खाली हाच क्रम धरला आहे. घरमालक आणि ठेकेदार दोघांनीही वाचावा, कारण बेकायदा बांधकामात कायदा दोघांनाही धरतो. ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी पाणी कुठवर येतं ते पाहा

सांगलीत प्लॉटची चौकशी सातबारापासून नव्हे, कृष्णेपासून सुरू करावी. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर शहराने बघितले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. गावभाग, शामरावनगर, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागांत घराची चर्चा आजही ‘एकोणीसला पाणी किती होतं’ या प्रश्नानेच सुरू होते. शेजाऱ्याच्या भिंतीवरची खूण बघणं वाईट नाही, पण परवानगी त्या खुणेवर मिळत नाही. ती मिळते पूररेषेवर.

रेषा दोन. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं (जमिनीवर उचललेली घराची बैठक) लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंच असावं लागतं. ही अट राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही वगळलेले भाग सोडून सगळ्या महाराष्ट्राला हीच नियमावली लागू आहे.

दीड फूट ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेब मांडला की कळतं. समजा लाल रेषेची पातळी तुमच्या प्लॉटच्या जमिनीपेक्षा १.८ मीटर वर आहे. मग जोतं जमिनीपासून २.२५ मीटर, म्हणजे साडेसात फुटांच्या आसपास. हजार चौरस फुटांच्या घराखाली एवढी भरणी करायची तर सत्तरच्या वर ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम लागतो. शिवाय ती भरणी पाण्याला अडवून शेजाऱ्याच्या दारात लोटते. अशा जागी खाली मोकळं पार्किंग ठेवून कॉलमवर घर उचलणं शहाणपणाचं. आता कराराकडे वळा. ठेकेदाराचा फुटाचा दर दोन-अडीच फूट जोत्याच्या अंदाजाने दिलेला असतो. वरची उंची ‘एक्स्ट्रा’ होते. पूररेषा माहीत नसताना ठरवलेला दर म्हणूनच फुकट जातो.

करायचं काय, तर पूररेषेचा नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात बघायचा, पातळीचा आकडा जलसंपदा विभागाकडून घ्यायचा, आणि आपल्या इंजिनिअरकडून लेव्हल मशीन लावून तो आकडा प्लॉटच्या कोपऱ्यावर उतरवून घ्यायचा. त्या कोपऱ्यावर पक्की खूण करायची. जोत्याची उंची पुढे तिथूनच मोजली जाईल.

जागेचे कागद

इथे फार वेळ घालवत नाही, कारण शोध अहवाल वकिलाकडूनच घ्यावा. पण काही गोष्टी सांगली जिल्ह्यात हमखास आडव्या येतात.

पहिली गुंठेवारी, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. असा तुकडा विकत घेतला, खरेदीखत झालं, म्हणून त्यावर परवानगी मिळेलच असं नाही. मूळ ले-आउट मंजूर आहे का, की प्लॉट गुंठेवारीचा आहे, हे आधी बघा. गुंठेवारीचा असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित करून घ्यावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढवली. नियमितीकरणाचा दाखला हातात नसताना बांधकामाचा अर्ज पुढे सरकत नाही.

दुसरी गोष्ट सातबाराचं ‘इतर हक्क’ सदर. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा शेरा, सोसायटीचा बोजा, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) अशी नोंद असेल तर ती आधी सोडवा. बहिणींची नावं लागलेली असतील तर त्यांच्या संमतीशिवाय अर्ज करू नका. हरकतीचा एक अर्ज आला तरी काम अडतं.

तिसरी मोजणी. भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणी नकाशा, घ्या. कुंपणाच्या तारेवर विसंबून लाईनआऊट (पायाची आखणी) टाकलं आणि नंतर हद्द एक फूट आत निघाली, तर तुमचं सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) तेवढंच कमी होतं आणि नकाशा जागेवर जुळत नाही.

बिनशेतीचं काय? विकास योजनेत रहिवास विभागात असलेल्या जमिनीला, आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी बिनशेती परवानगी घ्यावी लागत नाही. शासनाची रक्कम भरून बिनशेतीचा कागद घ्यायचा. चलन भरलं आणि कागद घेतलाच नाही, असं पुष्कळांचं होतं. तो घ्या, बँक तोच मागते.

नकाशा कोण काढणार

नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा महापालिकेचा परवानाधारक इंजिनिअर. सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा. ठेकेदाराच्याच ओळखीचा माणूस नकाशा काढून देतो आणि आरसीसीचं डिझाईन ‘नेहमीचंच’ म्हणून फिटर ठरवतो, ही पद्धत सोडा. फी वाचते खरी, पण कामावर तुमच्या बाजूने बोलणारा माणूस राहत नाही.

स्ट्रक्चरल डिझाईनचं इथे दोन कारणांनी महत्त्व आहे. एक म्हणजे कृष्णाकाठची काळी माती. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावर न ठेवता खाली कडक मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. किती फुटांवर लागेल हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही, आणि तो आकडा पुन्हा करारात लागतो. दुसरं कारण भूकंप. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या शेजारचाच. कॉलमच्या रिंगचा (उभ्या सळ्यांभोवतीच्या कड्याचा) हूक ९० अंशात वाकवून सोडायचा नाही, १३५ अंशात आत वळवायचा. ड्रॉइंगवर ते लिहिलेलं असतं. फिटर मात्र सवयीने काटकोनात वाकवतो, कारण तसं पटापट होतं. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी जाऊन चार रिंगा बघितल्या तरी काम कसं चाललंय ते समजतं.

नकाशात किती बांधता येईल? दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१ आहे. तीस बाय चाळीसचा प्लॉट म्हणजे १२०० चौरस फूट, त्यावर १३२० चौरस फूट. याहून जास्त हवं असेल तर नियमावलीत अधिमूल्य भरून वाढ मिळण्याची सोय आहे, ती रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून. म्हणून ‘वर अजून एक खोली काढू’ हा विचार नकाशा काढतानाच करा. स्लॅब पडल्यावर केला तर ती खोली बेकायदा राहू शकते.

प्लॉटवरून विजेची तार जात असेल तर ११ केव्हीच्या तारेपासून आडवं किमान १.२ मीटर अंतर लागतं. गॅलरी पुढे काढताना हे विसरलं जातं.

परवानगी

महापालिका हद्दीत, म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये, अर्ज नगररचना विभागाकडे. तासगाव, विटा, आष्टा अशा ठिकाणी नगरपरिषदेकडे. अर्ज बीपीएमएस या ऑनलाईन प्रणालीवर तुमचा आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर भरतो. तरी लॉगिनवर नोंदवलेला मोबाईल नंबर तुमचाच आहे याची खात्री करा; त्रुटीचे मेसेज तुम्हाला आले पाहिजेत.

गावात गोष्ट निराळी. गावठाणातलं घर ग्रामपंचायतीकडून, गावठाणाबाहेरचं महसूल आणि नगररचना यंत्रणेकडून. नमुना ८ चा उतारा म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ती घरपट्टीची नोंद आहे. घरपट्टी बेकायदा घरालाही लागते. महाबळेश्वर-पाचगणीकडे बांधणाऱ्या साताऱ्याच्या वाचकांनी या लेखातले नियमावलीचे आकडे धरू नयेत. तो भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि एकत्रिकृत नियमावलीतून वगळलेला आहे.

१५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचं छोटं घर ‘कमी जोखीम’ वर्गात येतं. तीस बाय चाळीसचा प्लॉट सुमारे १११ चौरस मीटरचा, म्हणजे तो यात बसतो. इथे नकाशाची नेहमीसारखी छाननी होत नाही; परवानाधारक तज्ज्ञाचा दाखला, कागद आणि शुल्क भरल्याची पावती यावर काम सुरू करता येतं. याचा अर्थ लोक ‘परवानगीच लागत नाही’ असा लावतात, तो चूक. सुटते ती छाननी. सामासिक अंतर, निर्देशांक, पूररेषा हे सगळं तसंच लागू राहतं, आणि नकाशा नियमात बसतो म्हणून सही करणारा तज्ज्ञ अडकतो.

मोठ्या प्लॉटवर रीतसर अर्ज. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, ‘क’ प्रत, मंजूर ले-आउट, बिनशेतीचा कागद, विभाग दाखला, नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, कर थकीत नसल्याचा दाखला. शुल्कात छाननी फी, रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या) दरावर आकारलेलं विकास शुल्क आणि लागू असेल तिथे बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर येतो. हा सगळा आकडा आधी आर्किटेक्टकडून लिहून घ्या. घराच्या बजेटमध्ये तो कुणी धरत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मानीव (मिळालीच असं) समजली जाते. पण ती तेव्हाच, जेव्हा नकाशा नियमात तंतोतंत बसतो. मानीव परवानगीच्या जोरावर पाया खोदणं मला धाडसाचं वाटतं. बँक तर तिच्यावर कर्ज देत नाही. नाकारलं तर ४० दिवसांच्या आत शासनाकडे अपील करता येतं.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, एक वर्ष चालतं. दर वर्षी नूतनीकरण करून जास्तीत जास्त चार वर्षं. पैसे जमतील तसं बांधणाऱ्यांनी ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

करारनामा

इथे थांबून नीट वाचा, कारण परवान्याचे नियम सरकारने लिहिलेले आहेत, कराराचे तुम्हाला लिहायचे आहेत.

पहिला प्रश्न कामाच्या प्रकाराचा. मजुरीवर काम दिलं तर मटेरियल तुमचं, नासाडीही तुमची. मटेरियलसह दिलं तर दगदग कमी, पण कुठलं मटेरियल हे कागदावर नसेल तर स्वस्तातलं येतं. स्वतंत्र एका घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला जीएसटी माफ आहे. मटेरियलसह कामाला, ठेकेदार जीएसटी नोंदणीकृत असेल तर, १८ टक्के लागतो. ‘दरात जीएसटी धरलाय का’ हे एक वाक्य करारात नसल्याने शेवटच्या बिलावर काय गहजब होतो, ते ठेकेदारांनाच विचारा.

आता त्या ‘फुटा’कडे येऊ. पंचवीस बाय चाळीसचं घर, तळमजला आणि पहिला मजला. मालकाच्या डोक्यात दोन हजार फूट. ठेकेदाराच्या मोजमापात त्यावर दहा बाय पंधराचा पोर्च, १५० फूट. चार फुटी गॅलरी पंचवीस फूट लांब, १०० फूट. जिन्यावरची हेडरूम आठ बाय पंधरा, १२० फूट. झाले ३७० फूट जास्त, म्हणजे बिल साडेअठरा टक्क्यांनी वर. इथे लबाडी कुणीच केलेली नाही. स्लॅब पडला तेवढा मोजायचा ही ठेकेदाराची रीत, आणि राहायला मिळतं तेवढं मोजायचं ही मालकाची. करारात असं लिहा:

‘मोजमाप मंजूर नकाशातील बाहेरच्या भिंतींच्या बाह्य बाजूने धरले जाईल. पोर्च व गॅलरी निम्म्या दराने. हेडरूम पूर्ण दराने. छज्जे, पॅरापेट, माळे, जिन्याच्या पायऱ्या व जोत्याची ___ फुटांपर्यंतची उंची दरात समाविष्ट. पाण्याच्या टाक्या, सेप्टिक टँक, कंपाउंड व फाटक यांचे दर परिशिष्टात स्वतंत्र.’

निम्मा की पूर्ण, हे तुमचं तुम्ही ठरवा. ठरवलेलं असणं महत्त्वाचं. पायाच्या खोलीचंही तसंच: ‘जमिनीपासून सहा फुटांपर्यंत दरात, पुढे प्रत्येक फुटाला एवढे’ असं लिहिलं की काळ्या मातीचा वाद संपला.

मग मटेरियलचं परिशिष्ट. ‘चांगल्या प्रतीचे’ हा शब्द कुठेही आला तर खोडा. सिमेंटचा प्रकार आणि ज्यांतला कुठलाही चालेल असे दोन-तीन ब्रँड. सळी ५०० डी की ५५० डी. काँक्रीटची प्रत, आरसीसीला एम २० च्या खाली जायचं नाही. वीट लाल की फ्लाय अॅश. वाळू की क्रश सँड. फरशीचा फुटाला मूळ दर, म्हणजे त्यापेक्षा महाग घेतली तर फरक तुमचा आणि स्वस्त घेतली तर फरक तुम्हाला परत. लाईटचे पॉइंट किती, नळाचे किती, दाराच्या चौकटी कशाच्या. हे परिशिष्ट मूळ करारापेक्षा लांब झालं तर बरोबर चाललंय समजा.

मुदतीचं कलम लिहिताना सांगलीपुरती एक युक्ती सुचवतो. ‘अतिवृष्टी किंवा पूर आल्यास मुदतवाढ’ असं मोघम लिहिलं की श्रावणातली प्रत्येक सर अतिवृष्टी होते. त्याऐवजी लिहा: ‘आयर्विन पुलाजवळील पाणीपातळी ४० फुटांवर गेल्यापासून ती पुन्हा ४० फुटांखाली येईपर्यंतचे दिवस, अधिक साफसफाईचे सात दिवस, मुदतीतून वगळले जातील.’ पातळी पूरकाळात रोज जाहीर होते, त्यामुळे वादाला जागा राहत नाही. उशिराची भरपाई दर आठवड्याला किती आणि एकूण कमाल किती हेही लिहा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. रोज दहा हजार दंड असं धाक दाखवायला लिहिलं तर ते टिकत नाही.

बदलांचं कलम दोघांच्या हिताचं. ‘लेखी मान्यतेशिवाय जादा काम नाही आणि जादा बिलही नाही.’ व्हॉट्सअॅपवर दराचा आकडा लिहून समोरच्याने ‘मान्य’ टाकलं तरी ते लेखी धरावं, असं करारातच नमूद करा. साईटवर उभं राहून कुणी स्टॅम्प आणत नाही.

शिवाय चार गोष्टी: कामगारांचा अपघात विमा कोण काढणार, काम पोटठेक्यावर देता येईल का, एका बाजूने करार मोडला तर संयुक्त मोजमाप कोण करणार, आणि दोषदुरुस्तीची मुदत. ती किमान बारा महिने ठेवा, म्हणजे एक पूर्ण पावसाळा तिच्यात येतो. गळती पावसातच कळते.

मंजूर नकाशाची प्रत, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, परिशिष्टं, सगळ्यांच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून मागे पडला. अशा करारांना किमान ५०० रुपये लागतात आणि मोठ्या रकमेच्या कामाला रकमेच्या प्रमाणात मुद्रांक शुल्क येतं. ते वकिलाकडून काढून भरा. शुल्क कमी भरलेला कागद न्यायालयात पुरावा म्हणून लगेच चालत नाही, आधी दंडासह ते भरावं लागतं.

पैसे

तत्त्व एकच: पैसा कामाच्या मागे चालला पाहिजे, पुढे नाही. आणि दर हप्ता डोळ्यांनी दिसणाऱ्या टप्प्याला बांधलेला असावा, तारखेला नव्हे. दोन मजली घराला मी असं मांडतो: उचल ५ टक्के, जोतं पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर १५, पहिला स्लॅब २०, दुसरा स्लॅब २०, वीटकाम १०, आतला-बाहेरचा गिलावा १०, फरशी-प्लंबिंग-लाईट १०, रंग आणि साफसफाई ५, आणि उरलेले ५ भोगवटा प्रमाणपत्र (घर मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला) हातात आल्यावर. दोषदुरुस्तीच्या मुदतीसाठी प्रत्येक हप्त्यातून थोडी अनामत वेगळी कापली तर आणखी चांगलं.

ठेकेदार म्हणेल, पहिल्या स्लॅबच्या आधी सळी आणि सेंट्रिंगला पैसा लागतो. खरं आहे. त्यासाठी उचल वाढवू नका. सळीच्या दुकानदाराला थेट पैसे द्या आणि ते हप्त्यातून वळते करा. रोख व्यवहार टाळा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. एका आर्थिक वर्षात ठेकेदाराला ५० लाखांवर देणार असाल तर टीडीएस कापायची जबाबदारी तुमच्यावर येते.

काम चालू असताना

जोतं झालं की पुढे जायच्या आधी जोते तपासणी करून घ्या. इथे हद्दीपासूनची अंतरं आणि उंची तपासली जाते. चूक निघाली तर जोत्यात दुरुस्त होते, स्लॅबनंतर नाही. पूररेषेतल्या घराला ही तपासणी म्हणजेच अर्धी परवानगी.

सळी आली की वजन करा. व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे एका मीटरचं किलोतलं वजन. बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळी १०.६७ किलोच्या आसपास भरली पाहिजे. या जाडीला पाच टक्के कमी-जास्त मानकाला मान्य आहे. त्याहून हलकी निघाली तर गाडी उतरवूच नका. कव्हर ब्लॉक (सळीभोवती काँक्रीटची जाडी राखणारे ठोकळे) बघा: पायाला ५० मिलिमीटर, कॉलमला ४०, स्लॅबला २०. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे क्यूब भरून घ्या आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेतून अहवाल आणा. काँक्रीटला पाणी साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान दहा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलेलं दिसलं पाहिजे. पाणी कुणी मारायचं, हेही करारात असू द्या. मजुरीच्या कामात संध्याकाळी पाणी मारायला कुणीच नसतं.

घरगुती मीटरवरून बांधकामाला वीज वापरू नका. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या.

ठेकेदारांसाठी

नगररचना अधिनियमाचं कलम ५२ वाचा. विनापरवाना किंवा परवान्याविरुद्ध बांधकाम करणारा, मग ते स्वतःसाठी असो वा दुसऱ्याच्या सांगण्यावरून, शिक्षेला पात्र आहे: एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंड. ‘मालकाने सांगितलं म्हणून मार्जिनमध्ये (सामासिक अंतरात) खोली काढली’ हा बचाव तिथे चालत नाही. म्हणून मंजूर नकाशाची प्रत हातात आल्याशिवाय लाईनआऊट टाकू नका, आणि नकाशाबाहेरचं काम सांगितलं तर आधी सुधारित नकाशा मागा. नाराज झालेला मालक परवडतो.

मालकाने दिलेल्या मटेरियलची तारीखवार नोंद ठेवा आणि त्यावर त्याची सही घ्या. हप्ता थकला तर काम थांबवण्याचा हक्क किती दिवसांनी येतो, हे करारात लिहून घ्या; नाहीतर तुम्ही काम अर्धवट सोडून गेलात असं चित्र उभं राहतं. तुमच्याकडे राबणाऱ्या गवंडी-बिगाऱ्यांना ९० दिवस काम केल्याचा दाखला द्या. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातली त्यांची नोंदणी त्यावरच होते, आणि उपकराचे पैसे त्यांच्यासाठीच कापलेले असतात.

भोगवटा प्रमाणपत्र, आणि वाद झालाच तर

वास्तुशांत झाली म्हणजे घर पूर्ण झालं, असं आपल्याकडे धरतात. कागदोपत्री घर पूर्ण होतं ते भोगवटा प्रमाणपत्राने. आर्किटेक्ट काम पूर्ण झाल्याचा दाखला, बांधलेल्या घराचा नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडून अर्ज करतो. मंजूर नकाशापेक्षा फरक असेल तर आधी सुधारित मंजुरी. महापालिका हद्दीत बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही.

ठेकेदाराशी बिनसलं तर पहिलं काम मोजमाप. दुसरा ठेकेदार साईटवर आणायच्या आधी त्रयस्थ इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप, फोटो आणि दोषांची यादी करून घ्या. जुन्याला लेखी बोलावणं पाठवा. नाही आला तर तसं नोंदवा. नवा गवंडी एकदा गिलावा करून गेला की आधीचं वीटकाम कसं होतं ते कुणालाच सांगता येत नाही. मग नोटीस, आणि करारात लवादाचं कलम असेल तर त्या वाटेने. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ आहे. म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रारीला करारनामा, मंजूर नकाशा, हप्त्यांच्या बँक नोंदी आणि ते मोजमाप, एवढे चार कागद जोडा.